आमच्या वाट्याचं अर्धं घर

बोर्ली पंचतनच्या बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, माड-पोफळींच्या वाडीत आमचं घर होतं. गावात त्याला 'टेशन' म्हणत. बघणाऱ्याला खरोखरच वाटायचं की एखादं रेल्वे स्टेशन रूळ चुकून कोकणात येऊन उभं राहिलं आहे. पुढे उंच टोकदार छप्पर, त्याच्या कडेला लाकडात कोरलेली झालर, कमानीच्या खिडक्या आणि झडपांची दारं.

हे घर माझ्या पणजोबांनी बांधलं, व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वर्षांत. ते मुंबईत एका इंग्रज साहेबाच्या कचेरीत नकाशे उतरवून घेण्याचं काम करत. साहेब बंगल्यांचे, चर्चचे, स्टेशनांचे आराखडे काढायचा आणि पणजोबा ते पातळ कापडी कागदावर रेघेवर रेघ ठेवून उतरवायचे. सगळी उमर दुसऱ्यांची घरं काढण्यात गेली. मग नोकरी संपवून गावी आले आणि आजवर उतरवलेल्यातलं जे जे आवडलं होतं ते एका घरात घातलं.

दिवाणखाना लांबरुंद होता. मधोमध बिडाचे दोन खांब, त्यांच्या माथ्यावर बिडाचीच पानं. खांब विलायतेहून बोटीनं मुंबईला आले आणि मुंबईहून शिडाच्या पडावात घालून खाडीत उतरवले. त्यांच्यावर सागाची एक अखंड तुळई आणि तुळईवर वरचा मजला. पश्चिमेच्या भिंतीत रंगीत काचांची मोठी कमानी खिडकी, आणि उत्तरेच्या भिंतीत विटांची शेकोटी, वर धुराड्यासकट. कोकणात शेकोटी! साहेबाच्या नकाशात होती म्हणून पणजोबांनी बांधली. ती कधी पेटली नाही. तिच्यात लोणच्याच्या बरण्या राहिल्या, आणि मांजरी व्यायल्या.

माजघरापासून मागे मात्र घर एकदम कोकणातलं व्हायचं. शेणानं सारवलेली जमीन, चूल, पडवी, विहीर. पणजीनं म्हणे एवढंच सांगितलं होतं, "पुढे हवं ते करा. चुलीपाशी साहेब नको."

यातलं बरंचसं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. माझ्या जन्माच्या खूप आधी त्या घराच्या मधोमध भिंत उभी राहिली होती.

पणजोबांना दोन मुलगे. थोरले ते पलीकडचे आजोबा, धाकटे ते माझे आजोबा. वाडीला पाणी लावण्याच्या पाळीवरून दोघांत बिनसलं. एका उन्हाळ्यात रहाटाचं पाणी कुणाच्या पोफळींना आधी जायचं यावरून बोलाचाली झाली, शब्दाला शब्द लागला आणि घर वाटून घ्यायचं ठरलं. बाबा तेव्हा शाळकरी होते. थोरल्या आजोबांची मुलगी, माझी चुलत आत्या, त्यांच्याच वर्गात होती. दोघं एकाच पाटीवर हिशेब करायची, एकाच ताटात जेवायची.

भिंत तुळईच्या बरोबर खालून चढवली. बिडाचे खांब मधे येत होते, म्हणून तुळईला टेकू देऊन ते काढले आणि भावाभावांनी एकेक घेतला. आमचा खांब गोठ्याच्या छपराखाली उभा राहिला. त्यांचा खांब वाडीत पुरला आणि त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. शेकोटी त्यांच्या वाट्याला गेली. जिनाही त्यांच्याकडे गेला, त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावर परसदारातून शिडी लावून चढावं लागे. विहीर आमच्याकडे राहिली, त्यांनी दुसरी खणली. आणि रंगीत काचांची खिडकी भिंतीनं बरोबर मधून कापली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून तिथे जायचो. दुपार कलली की आमच्या अर्ध्या कमानीतून निळा-हिरवा उजेड फरशीवर पडायचा. त्यात एका फुलाच्या पाकळ्या दिसायच्या, पण एकाच बाजूच्या. मी कितीतरी वर्षं समजत होते की इंग्रजी खिडक्या अशाच अर्ध्या असतात.

भिंतीपलीकडे आत्या राहायची. तिनं लग्न केलं नाही. बोर्लीच्या शाळेत शिकवायची, सायकलवरून यायची-जायची. तिचा भाऊ पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. वडिलांना तिनंच शेवटपर्यंत सांभाळलं. आम्ही तिला आत्या म्हणत नव्हतो, काहीच म्हणत नव्हतो. आमच्या घरात त्यांना 'पलीकडचे' म्हणत, आणि त्यांच्या घरात आम्हाला. रस्त्यात समोरून आली की आजोबा छत्री त्या बाजूला कलती करत. ऊन असो, नसो.

पण भिंतीनं आवाज अडत नाहीत. तिचा रेडिओ आम्हाला ऐकू यायचा, फोडणीचा वास यायचा, ताप आला की कण्हणं यायचं. एकदा सुट्टीत मी पाहिलं, संध्याकाळच्या बातम्या लागायची वेळ झाली तेव्हा बाबांनी आमचा रेडिओ बंद केला आणि भिंतीला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसले. पलीकडून बातम्या सुरू झाल्या. आईनं विचारलं, "आपला का बंद केलात?" बाबा म्हणाले, "तिचा स्पष्ट लागतो."

दोन्ही आजोबा गेले. बाबा नोकरीतून निवृत्त झाले आणि आईला घेऊन गावी राहायला गेले. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मला वाटलं होतं, आता बोलतील. नाही बोलले. मी एकदा विषय काढला तर बाबा म्हणाले, "बघू. वेळ यायला हवी." मग आई गेली. मी पनवेलला शाळेत चित्रकला शिकवत होते, माझा संसार तिथेच. बाबांना म्हटलं, या माझ्याकडे. ते आले नाहीत. भिंतीच्या एका बाजूला ऐंशीच्या घरातले बाबा, दुसऱ्या बाजूला ऐंशीच्या घरातली आत्या. दोघांच्या चुली वेगळ्या, दोघांचा चहा एकाच वेळी उकळायचा. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

साथीच्या पहिल्या वर्षीच्या जूनमध्ये, सगळा देश दारं लावून घरात बसलेला असताना, चक्रीवादळ आलं ते थेट आमच्याच किनाऱ्यावर. सकाळी बाबांशी फोनवर बोलले, "वारा वाढलाय, पण घाबरू नकोस, घर दणकट आहे." त्यानंतर फोन लागेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. टीव्हीवर आडवे झालेले माड दिसत होते आणि मी खिडकीशी उभी राहून परत परत तोच नंबर लावत होते.

मला परवानगी मिळून निघता आलं तोवर बरेच दिवस गेले होते. रस्त्यावर जागोजाग झाडं कापून बाजूला ओढलेली. आमच्या वाडीत शिरले तर वाट सापडेना. पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या होत्या. आमच्या बाजूचं छप्पर निम्मं उडालेलं, झालर कुठच्या कुठे गेलेली. मी "बाबा, बाबा" ओरडत आत धावले. घर रिकामं. अंथरूण भिजलेलं, चूल गार. 

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. बाबांचा होता.

"अगो, इकडे ये! इकडे आहे मी!"

मी बाहेरून वळसा घालून गेले. परसदारातलं मधलं कुंपण वाऱ्यानं नेलं होतं. आत्याच्या स्वयंपाकघरात बाबा पाटावर बसून कुळथाचं पिठलं आणि भात जेवत होते. तिच्या भावाची जुनी लुंगी नेसले होते. आत्या वाढत होती. मला बघून ती म्हणाली, "हात धू आणि बस." मला उद्देशून ती बोलली ते हे पहिलं वाक्य.

झालं ते मग दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना तोडत तोडत. भर दुपारी वाऱ्यानं आमची कौलं उडायला लागली. बाबा बाकाखाली शिरून बसले होते. इतक्यात भिंतीवर ठोके पडायला लागले. आत्या बत्त्यानं भिंत ठोकत होती आणि ओरडत होती, "आहेस का रे? ए, आहेस का?"

"मला आधी खरंच वाटेना," बाबा म्हणाले. "वाटलं, वाराच आहे."

"मग ओ द्यायला किती वेळ लावलास! मी म्हटलं, गेला."

"ओ दिली होती. तुला ऐकू येत नाही."

"मला चांगलं ऐकू येतं."

तिनं ओरडून सांगितलं, मागच्या दारानं ये, इथे शेकोटीपाशी जागा आहे. बाबा पडवीच्या कडेकडेनं, खांब धरत धरत गेले. कुंपण तेव्हाच उखडत होतं. दारात आत्यानं त्यांचा हात धरून आत ओढलं. पणजोबांची ती शेकोटी, विटांचा तेवढा एक भरभक्कम भाग. दोघं तिच्या तोंडाशी अंगावर गोधडी घेऊन बसली. त्यांच्या डोक्यावरचीही कौलं गेली, रंगीत काचा फुटल्या, माड कोसळत होते. धुराडं हललं नाही.

"काय बोललात तेव्हा?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "काही नाही. हा रामरक्षा म्हणत होता आणि मधलीच ओळ विसरत होता. मी सांगत होते."

त्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंवर निळी ताडपत्री होती आणि चूल एकच होती. मी आठवडेच्या आठवडे तिथे राहिले, शाळा तशाही फोनवरच चालल्या होत्या. इतकी वर्षं गप्प बसलेली दोन माणसं दिवसभर बोलत होती. शाळेतल्या मास्तरांच्या नकला, कुठली रातांब्याची झाडं कुठे होती, कुठली मुलगी कुणाकडे दिली. भांडतही होती. एकदा मी विचारलं की वाटणीच्या वेळी चूक नक्की कुणाची होती. बाबा म्हणाले, "थोरल्या काकांनी पाळी मोडली." आत्या म्हणाली, "अरे, आमच्याकडे तर सांगत की तुझ्या वडिलांनी मोडली." 

पाऊस उघडला तसे बाबा म्हणाले, "भिंत पाडायची."

आत्या लगेच हो म्हणाली. तिच्या भावाचा मुलगा पुण्याहून आला, सरळ, मदतीला तयार असा माणूस. त्यालाही आनंद झाला. बाबांनी गोठ्यातला खांब धुऊन घेतला. आत्यानं तिच्या वाडीतला उकरून काढला. मी माझ्या वहीत दिवाणखान्याचं चित्र काढलं, दोन्ही खांब जागेवर, मधे काही नाही. बाबांनी ते चित्र भिंतीला लावून ठेवलं.

अलिबागहून इंजिनिअर आला. तो तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. वर चढला, तुळईवर हातोडी वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. खाली उतरून कपडे झटकले आणि म्हणाला, "काका, तुळई आतून वाळवीनं खाल्ली आहे. वरून दिसते तेवढी आता उरलेली नाही. ती भिंतीवर बसली आहे म्हणून आहे. भिंत काढली तर वरचा मजला आणि छप्पर खाली येईल."

"खांब आहेत की आमचे," बाबा म्हणाले. "जागेवर उभे करा."

"पाहिले. मातीतला खांब खालून गंजून चिरलाय. आणि खांब धरतील तुळईला, पण तुळई छपराला धरणार नाही. तिला नवीन घालायचं म्हणजे सगळं घर उतरवून परत बांधायचं. ते या वयात..." तो थांबला.

आत्या म्हणाली, "म्हणजे आता भिंतीचेच उपकार म्हणायचे."

इंजिनिअरनं सांगितलं, एक दार काढता येईल. वर कमान घालून, बेतानं. त्याहून जास्त नाही.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाले, "आम्ही काही मोठं मागत नव्हतो गो. लहानपणी ती जिन्यावरून हाक मारायची आणि मी इथून धावत सुटायचो. ते एवढं अंतर एकदा सरळ चालून जायचं होतं."

दार काढलं. गवंड्यांनी चिरे एकेक करून काढले, खाली टेकू लावले, कमान बसवली. दाराला फळ्या लावल्या नाहीत, नुसती चौकट ठेवली. ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी आत्यानं उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि बाबा इकडून तिकडे गेले. मग ती तिकडून इकडे आली. तिनं आमची बाजू पाहिली. बाक पाहिला, देवघर पाहिलं, माझ्या आईचा फोटो पाहिला.

"हिला मी कधी भेटले नाही," ती म्हणाली. "रोज ऐकायची मात्र. गाणं चांगलं म्हणायची."

त्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही तिघं आमच्या ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. बाबा सहज बोलून गेले, "तू एकदा तरी हाक मारायची होतीस. मी मनात धरून बसलो नव्हतो."

आत्या हातातला अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "मी आले होते की."

"कधी?"

"तुझी आई गेली तेव्हा. घरात चूल पेटायची नाही म्हणून पेज आणि भाकरी घेऊन आले होते, मागच्या दारी. तू अस्थी आणायला स्मशानात गेला होतास. तुझे वडील दारात होते. म्हणाले, आमच्याकडे सगळं आहे. मी परत गेले."

बाबांना हे माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आजीला जाऊन तेव्हा पन्नासच्या आसपास वर्षं झाली होती. बाबांनी हातातली सुपारी सुपात टाकली.

"त्यांनी मला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

बाबा सालं गोळा करायला लागले.  आत्यानं परत अडकित्ता उचलला.

ते दार पुरतं एक वर्षसुद्धा वापरात राहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आत्याला धाप लागायला लागली. तिच्या भावाचा मुलगा येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना ती गाडीत बसली, काच खाली करून बाबांना म्हणाली, "माझ्या खोलीला कुलूप लावू नकोस. वारा खेळू दे." बाबांनी मान हलवली. दोघांनाही वाटत होतं की पंधरा दिवसांची गोष्ट आहे. ती तिकडेच गेली. त्या दिवसांत कुणाला कुणाच्या अंत्यदर्शनाला जाता येत नव्हतं. बाबांनी फोनवर ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

त्यानंतर ते घरात रमले नाहीत. पूर्वीही एकटेच राहत होते, पण पूर्वी पलीकडे कुणीतरी असायचं. एक दिवस स्वतःच म्हणाले, "ने मला पनवेलला."

घर विकलं. बाबांच्या वतीनं माझी आणि आत्याच्या भाच्याची, अशा दोन सह्या एकाच कागदावर झाल्या, संपूर्ण घर म्हणून. घेणाऱ्याला घर नकोच होतं, समुद्राजवळची जागा हवी होती. मी त्याला चिडून काही बोलू शकले नाही. तो इंजिनिअर म्हणाला होता तेच खरं होतं, ते घर उभं राहण्यासारखं उरलं नव्हतं. पाडायच्या दिवशी मी एकटी गेले. साग, झडपा, मंगलोरी कौलं वेगवेगळी रचून ठेवली होती, टेंपो उभे होते. दोन-तीन दिवसांत जोतं तेवढं राहिलं. ते बघून वाटलं, जागा किती लहान. एवढ्याशा जागेत दोन घरं एकमेकांपासून लपून कशी राहिली?

या गोष्टीला आता काही काळ लोटला आहे. मागच्या महिन्यात आत्याचा भाचा बाबांना भेटायला आला. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत दोघे बसले होते. तो म्हणाला, "काका, आत्या लहानपणी कशी होती? मला ती फक्त म्हातारीच माहीत आहे."

बाबा सांगत सुटले. ती माडावर चढायची, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून मार खायची. एकदा शाळेत तपासनीस आले तेव्हा सगळ्या वर्गाची दातखीळ बसली आणि हिनं एकटीनं उभं राहून सगळ्या नद्या म्हणून दाखवल्या. वर त्यांनाच विचारलं, "तुम्ही आमची खाडी बघितलीत का?" हे सांगताना बाबा हसत होते, खोकत होते, मी पाणी आणून दिलं.

भाचा म्हणाला, "हे आत्यानं कधी सांगितलं नाही."

"तिला आठवत नव्हतं," बाबा म्हणाले. "त्या हिवाळ्यात मी सांगितलं तेव्हा म्हणाली, 'छे, तू बनवतोयस.' एकट्यानं सगळं आठवत नसतं रे. आठवण करून द्यायला कुणीतरी बरोबर असावं लागतं."

मग त्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं.